समुद्रापार गेलेल्या पूर्वजाचा माग

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, लंडन नावाच्या शहराच्या कडेला, सायलोम येथे एक जुनी दफनभूमी आहे. १८७४ साली मरण पावलेल्या जॉर्ज लव्हलेस या वृद्ध शेतकऱ्याला तेथे पुरलेले आहे. शेजारीपाजारी त्याला ओळखत ते मेथडिस्ट पंथाचा एक कष्टाळू, धर्मनिष्ठ इंग्रज वसाहतकार म्हणून. हाच मनुष्य चाळीस वर्षांपूर्वी हातापायांत बेड्या घालून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवला गेला होता, त्याच्या सुटकेसाठी इंग्लंडच्या राजधानीत हजारो कामगारांची मिरवणूक निघाली होती आणि पार्लमेंटमध्ये त्याच्या नावाने वादविवाद झडले होते, हे तेथील फार थोड्या लोकांना ठाऊक असावे. त्याने व त्याच्या सोबत्यांनी नव्या देशात आल्यावर जुन्या गोष्टी मुलाबाळांपाशीही काढायच्या नाहीत असे ठरवले होते, असे सांगितले जाते. कारण काहीही असले, तरी शिक्षा झालेल्या माणसाच्या मुलांना लोक कोणत्या नजरेने पाहतात याचा अनुभव त्यांनी घेतलेला होता.

समजा, अशा घराण्यातील एखाद्या नातवाला किंवा पणतीला आपले आजे-पणजे इंग्लंडातून का आले असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर शोधायचे कोठे? घरात कोणी काही सांगितलेले नाही. जुनी पत्रे नाहीत. आहे ते केवळ एक आडनाव, एक थडगे आणि ‘इंग्लंडहून आलेले’ एवढे मोघम वाक्य. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बेटांमधून एक कोटीहून अधिक माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या दिशांनी निघून गेली. त्यांतील बहुसंख्यांचे वंशज आज नेमक्या याच स्थितीत आहेत. लव्हलेसची हकीकत पुढे प्रसिद्धी पावली म्हणून ती आपल्याला सलगपणे सांगता येते. परंतु ती ज्या कागदपत्रांवर उभी आहे ती कागदपत्रे बहुतांशी त्याच्यासारख्या कोणत्याही सामान्य शेतमजुराच्या वाट्याला येणारीच आहेत. म्हणून या एकाच जीवनाचा माग काढीत गेल्यास शोधाची सारी रीत, आणि तीतील खाचखळगेही, ध्यानात येतात.

पहिला नियम असा की शोध उलट्या दिशेने करावा लागतो. इंग्लंडातील एखादा लव्हलेस निवडून त्याला कॅनडापर्यंत आणणे सोपे वाटते, पण तसे करणारा संशोधक बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी पूर्वजाला आपल्या घरात आणून बसवतो. मृत्यूपासून जन्माकडे, माहीत असलेल्या गोष्टीपासून माहीत नसलेल्या गोष्टीकडे, एकेक पायरी उतरत जावे, हीच सुरक्षित वाट होय.

ऑन्टॅरिओत जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस १८७४ मध्ये वारला, म्हणजे तो या कायद्याच्या कक्षेत येतो. त्याचा मेहुणा टॉमस स्टँडफील्ड १८६४ मध्ये वारला. तो येत नाही. पाच-दहा वर्षांच्या अशा फरकाने एका माणसाचा शेवट सरकारी दप्तरात राहतो आणि दुसऱ्यासाठी चर्चची वही किंवा थडग्यावरची झिजलेली शिळा एवढाच आधार उरतो. मृत्यूच्या नोंदीत मृताचे जन्मस्थान लिहिलेले असते खरे, पण ते सांगणारा मुलगा किंवा शेजारी असल्यामुळे तेथे बहुधा ‘इंग्लंड’ एवढाच शब्द आढळतो. परगणा नाही, गाव नाही. साऱ्या शोधात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मूळ गावाचे नाव, आणि नेमकी तीच नव्या देशातील कागदांत सर्वांत दुर्मीळ असते.

त्यानंतर खानेसुमारी. कॅनडाच्या पश्चिम भागाची १८५१ ची खानेसुमारी प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि तिचे अनेक भाग नष्ट झाले आहेत. १८६१ व १८७१ च्या खानेसुमारीत मात्र कुटुंबातील प्रत्येकाचे नाव मिळते. या पत्रकांत इंग्लंडच्या पत्रकांत नसलेला एक रकाना होता, तो धर्माचा. त्यात नुसते ‘ख्रिस्ती’ असे न लिहिता माणूस कोणत्या पंथाचा, हे लिहायचे असे. मेथडिस्टांमध्येही वेस्लियन, प्रिमिटिव्ह, न्यू कनेक्शन अशा शाखा वेगवेगळ्या नोंदवल्या जात. ज्याला आपला पूर्वज वेस्लियन होता असे कळले, त्याला इंग्लंडात गेल्यावर कोणत्या प्रार्थनामंदिराच्या वह्या उघडायच्या याची दिशा मिळाली. शिवाय शेतीचे वेगळे पत्रक असे. त्यात जमीन किती एकर, लागवडीखाली किती, गहू किती, गुरे किती हे सारे येई. डॉर्सेटमध्ये आठवड्याला सात शिलिंगांवर राबणाऱ्या मजुराच्या नावापुढे ऑन्टॅरिओत स्वतःची जमीन लिहिलेली पाहणे, म्हणजे स्थलांतराचा अर्थ एका ओळीत वाचणे होय.

जमिनीचे दप्तर हा तेथला तिसरा आधार. ऑन्टॅरिओत प्रत्येक टाउनशिपची मोजणी करून तिचे समांतर पट्टे पाडले होते. त्यांना ‘कन्सेशन’ म्हणत, आणि प्रत्येक पट्ट्यातील तुकड्याला आपल्याकडील सर्व्हे नंबरासारखा ‘लॉट’चा क्रमांक असे. जमिनीचे मूळ दान, पुढची खरेदीखते, गहाणखते, मृत्यूनंतरची वाटणी हे सगळे त्या क्रमांकाखाली ओळीने नोंदलेले सापडते. माणसाचे नाव चुकीचे लिहिले जाते, पण जमिनीचा क्रमांक सहसा चुकत नाही. म्हणून अनुभवी संशोधक माणसाच्या आधी त्याच्या लॉटचा क्रमांक शोधतात. आणि शेजारच्या लॉटवर कोण होते हेही पाहून ठेवतात. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

येथेच एका विलक्षण घोटाळ्याचा इशारा द्यायला हवा. ऑन्टॅरिओतील लंडन हे थेम्स नावाच्याच नदीवर वसलेले आहे आणि ते मिडलसेक्स नावाच्याच परगण्यात आहे. इंग्लंडच्या राजधानीचा थेम्सच्या उत्तरेकडील मोठा भागही १८८९ पर्यंत मिडलसेक्स परगण्यातच मोडत असे. एखाद्या कागदावर ‘लंडन, मिडलसेक्स’ एवढेच लिहिले असेल, तर तो कागद अटलांटिक महासागराच्या कोणत्या बाजूचा हे शाई पाहून कळत नाही. ऑन्टॅरिओच्या लंडनपासून पूर्वेला डॉर्चेस्टर नावाचे गावही आहे. आणि लव्हलेसवर खटला चालला तो इंग्लंडातील डॉर्चेस्टरला. वसाहतकारांनी घराची आठवण म्हणून किंवा गव्हर्नरांच्या गौरवार्थ ही नावे ठेवली. वंशजांची त्यामुळे किती धावपळ होईल याची त्यांना कल्पना नव्हती.

आडनावांची गतही तशीच. लव्हलेस हे आडनाव इंग्रजीत निदान दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि त्यांतील प्रत्येक तऱ्हा अनुक्रमणिकेत निराळ्या जागी येते. देवनागरीत ती सारी एकच दिसतात, ही सोय इंग्रजी वाचकाला नाही. स्टँडफील्डमधला एखादा वर्ण गळतो. ज्या माणसाला स्वतःला अक्षरओळख नाही त्याचे आडनाव म्हणजे पाद्री किंवा कारकून यांच्या कानाला जे ऐकू आले ते. लव्हलेस स्वतः उत्तम लिहिणारा होता, तरी त्याच्याबद्दल लिहिणारे कारकून त्याला विचारून लिहीत होते असे नव्हे.

आता समुद्र ओलांडायचा. सर्वसाधारण समजूत अशी असते की मोठे जहाज निघाले म्हणजे त्याच्या प्रवाशांची यादी झालीच असली पाहिजे आणि ती कोठेतरी जपलेली असलीच पाहिजे. वस्तुस्थिती निराशाजनक आहे. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सलगपणे शिल्लक आहेत त्या १८९० पासूनच्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उतरणाऱ्यांच्या याद्या १८२० पासून आढळतात, पण कॅनडाच्या क्वेबेक बंदराच्या सलग याद्या १८६५ पासूनच्याच आहेत. लव्हलेस, स्टँडफील्ड व ब्राइन ही कुटुंबे गेली ती १८४४ ते १८४६ च्या सुमारास. ब्रिटिश प्रजाजन ब्रिटिश प्रदेशातून ब्रिटिश प्रदेशातच जात होता. त्याच्याकडे पासपोर्ट मागण्याचे कोणाला कारण नव्हते. त्यामुळे या कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक प्रवासाचा सरकारी कागद जवळजवळ नाही.

आणि याच माणसाचा दहा वर्षांपूर्वीचा दुसरा प्रवास पाहावा! १८३४ मध्ये ‘विल्यम मेटकाफ’ नावाच्या जहाजातून जॉर्ज लव्हलेसला व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजच्या टास्मानिया बेटावर नेण्यात आले. ते जहाज त्या वर्षीच्या ४ सप्टेंबरला होबार्टला पोहोचले. त्याचे पाच सोबती ‘सरी’ नावाच्या जहाजातून १७ ऑगस्टला सिडनीला उतरले होते. १७८७ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या सुमारे १,६०,००० कैद्यांविषयी जेवढे बारकाईने लिहून ठेवले आहे तेवढे त्या काळातील कोणत्याही स्वतंत्र इंग्रज शेतमजुराविषयी लिहिलेले नाही. टास्मानियाच्या दप्तरात कैद्याचे वय, जन्मगाव, धंदा, उंची, कातडीचा वर्ण, डोळे व केस यांचा रंग, अंगावरील व्रण, गोंदण, मागील वर्तन, घरी कोण कोण आहे, कोणाकडे कामाला लावले, केव्हा कोणता अपराध केला व त्याबद्दल काय शिक्षा झाली, हे सारे मिळते. कोणत्याही चित्रकाराने ज्यांचे चित्र काढले नसते अशा माणसांचे चेहरे केवळ पळून गेल्यास ओळखता यावेत म्हणून शब्दांत उतरवले गेले.

यावरून एक गोष्ट उघड होते. राज्यसत्ता माणसावर प्रेम करते म्हणून त्याची नोंद ठेवीत नाही. ती त्याच्यावर नजर ठेवते म्हणून नोंद ठेवते. भारतीय वाचकाला याचा जवळचा पुरावा मॉरिशसमध्ये सापडेल. ज्या १८३४ साली लव्हलेसवर खटला झाला, त्याच वर्षाच्या २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ जहाजातून करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. पुढे मुंबई बंदरातून गेलेल्या मराठीभाषक मजुरांसह लाखो लोकांची नावे, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज आणि नंतरच्या काळात छायाचित्रेही वसाहतीच्या दप्तरात जमा झाली. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहे आणि मॉरिशसमधील अनेक कुटुंबांनी त्यावरून आपले मूळ गाव शोधून काढले आहे. स्वखुशीने कॅनडाला गेलेल्या इंग्रजाच्या वंशजाला हेवा वाटावा इतकी ती नोंद पूर्ण आहे. ती तशी का आहे हे मात्र विसरता येत नाही.

लव्हलेस आणि त्याचे सोबती कैदी का झाले, हेही त्या दप्तरातून कळते, पण अर्धवटच. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल हे डॉर्चेस्टरच्या पूर्वेला सुमारे सात मैलांवरचे खेडे. तेथील शेतमजुरांचा आठवड्याचा मेहनताना नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात असा उतरत गेला आणि आता तो सहावर येणार असे त्यांना सांगण्यात आले. १८३३ च्या शरद ऋतूत त्यांनी टॉमस स्टँडफील्डच्या झोपडीत जमून शेतमजुरांची संघटना स्थापन केली. संघटना करणे १८२४ नंतर गुन्हा राहिला नव्हता. परंतु सभासद होताना नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मृत्यूचे चित्र समोर ठेवून, संघाचे गुपित राखण्याची शपथ देण्यात येई. स्थानिक मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार करून याच शपथेला पकडले. आरमारातील बंडानंतर १७९७ साली बेकायदा शपथांविरुद्ध केलेला कायदा या सहा मजुरांना लावण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी पहाटे त्यांना अटक झाली आणि मार्च महिन्यात न्यायमूर्ती विल्यम्स यांनी त्यांना सात वर्षे हद्दपारीची, आपल्या भाषेत काळ्या पाण्याची, शिक्षा ठोठावली. जॉर्ज व जेम्स हे लव्हलेस बंधू, त्यांच्या बहिणीचा नवरा टॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन व जेम्स हॅमेट अशी ही सहा नावे. कैद्यांच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘बेकायदा शपथ’ असे लिहिलेले असते. नऊ, आठ, सात, सहा हे आकडे तेथे नाहीत. ते कळतात लव्हलेसने १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिक्टिम्स ऑफ व्हिगरी’ या पुस्तिकेवरून. आपल्या पूर्वजाच्या नावापुढे ‘कैदी’ हा शब्द पाहून घाबरणाऱ्या किंवा, आजकाल तशी रीत पडली आहे म्हणून, लगेच अभिमान बाळगणाऱ्या वंशजाने थोडे थांबून खटल्याचा अहवाल व त्या काळची वर्तमानपत्रे वाचावीत, ती याच कारणासाठी.

त्यांच्या बायकामुलांचे काय झाले, हा प्रश्न दप्तराला विचारला तर उत्तर फारच क्षीण येते. इंग्लंडात प्रत्येक पॅरिशमध्ये गरिबांच्या मदतनिधीचे हिशेब ठेवले जात. कोणत्या विधवेला किती पाव, कोणाला बूट, कोणाला जळण असे बारीकसारीक तपशील त्यांत येतात आणि गरीब कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला ते फार उपयोगी पडतात. परंतु टॉलपडलच्या या स्त्रियांनी मदत मागितली तेव्हा ती त्यांना नाकारण्यात आली. ज्याला दिले त्याचे नाव हिशेबात येते. ज्याला परत पाठवले त्याचे येत नाही. लंडनमधील कामगारांच्या समितीने वर्गणी जमवून या कुटुंबांना जगवले. संशोधकाने वहीत नाव न सापडल्यास कुटुंब सुखवस्तू होते असा निष्कर्ष काढू नये, एवढे तरी यावरून शिकावे.

२१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स मैदानातून निघालेल्या प्रचंड मिरवणुकीनंतर आणि दोन वर्षांच्या चळवळीनंतर, मार्च १८३६ मध्ये सरकारने सहाही जणांना पूर्ण माफी दिली. जॉर्ज लव्हलेस १३ जून १८३७ रोजी इंग्लंडात परतला. त्याचा भाऊ, दोघे स्टँडफील्ड व ब्राइन हे मार्च १८३८ मध्ये. हॅमेट त्यानंतर, १८३९ मध्ये.

जॉर्ज परतल्यावर अवघ्या अठरा दिवसांनी, १ जुलै १८३७ रोजी, इंग्लंड व वेल्समध्ये जन्म-विवाह-मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. वंशशोधाच्या दृष्टीने ही तारीख म्हणजे एक बांध आहे. तिच्या अलीकडे सर्व देशाची एकच अनुक्रमणिका हाताशी आहे; तिच्या पलीकडे प्रत्येक पॅरिशची वही वेगळी. सुटून आलेल्या या माणसांपैकी पाच जणांसाठी जमवलेल्या निधीतून एसेक्स परगण्यात शेते खंडाने घेतली होती, एक ग्रीनस्टेडला व दुसरे हाय लेव्हरला. तेथेच जून १८३९ मध्ये, आपल्या प्राचीन लाकडी भिंतींसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रीनस्टेडच्या चर्चमध्ये, जेम्स ब्राइनने टॉमस स्टँडफील्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले. नव्या कायद्यानुसार विवाहाच्या नोंदीत वधू व वर या दोघांच्या पित्यांची नावे व धंदे लिहावे लागत. त्यामुळे दोन वर्षे आधीच्या लग्नातून जे कळले नसते ते येथे एका ओळीत मिळते: एक पिढी मागे जाण्याचा जिना.

मग १८४१ ची खानेसुमारी. नावनिशीवार घेतलेली व देशभर जपलेली ही इंग्लंडची पहिली शिरगणती. तारीख ६ जून. पण तिचे नियम संशोधकाला चकवणारे आहेत. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या खालच्या पटीत उतरवून लिहावे, अशी सूचना होती. म्हणजे लव्हलेससारख्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचे वय नियमाप्रमाणे चाळीसच लिहायचे. कोण कोणाचा काय लागतो हे विचारलेच नाही. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘याच परगण्यात जन्मला काय?’ एवढाच प्रश्न, आणि डॉर्सेटहून एसेक्समध्ये आलेल्यांचे उत्तर ‘नाही’. इंग्लंडच्या बाकीच्या परगण्यांपैकी तो कोणताही असू शकेल. ३० मार्च १८५१ रोजी झालेल्या पुढच्या खानेसुमारीत हे सारे दोष दूर केले गेले: नेमके वय, कुटुंबप्रमुखाशी नाते, जन्माचे गाव. परंतु तोपर्यंत ही कुटुंबे कॅनडात पोहोचली होती. या दहा वर्षांच्या आत देश सोडून गेलेली असंख्य कुटुंबे याच फटीतून निसटली आहेत.

त्यांनी देश सोडला का? ग्रीनस्टेडला त्यांनी चार्टिस्ट चळवळीची शाखा उभी केली होती. आसपासचे जमीनदार व पाद्री त्यांच्याविरुद्ध तक्रारी करीत होते. खंडाची मुदत संपत आली होती. यापैकी कोणते कारण शेवटचे ठरले हे एकाच उत्तरात बसवण्याचा हट्ट धरू नये. माणसे बहुधा दोन-तीन कारणांनी निघतात आणि पुढे मुलांना त्यांतले एकच सांगतात. येथे तर तेही सांगितले नाही.

इंग्लंडातील मूळ गावाचे नाव एकदा हाती आले की पॅरिशच्या वह्या बोलू लागतात. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम होता. १८१३ पासून त्यासाठी छापील नमुने आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा व राहण्याचे ठिकाण येऊ लागले. १७९७ साली जन्मलेल्या जॉर्जची नोंद त्या आधीच्या, पाद्री लिहील तेवढ्याच मजकुराच्या काळातली. त्याच्या मुलांची पिढी छापील रकान्यांतली. मेथडिस्टांबाबत एक अडचण असते: त्यांची मुले कधी पॅरिशच्या चर्चमध्ये तर कधी स्वतःच्या प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा घेत. पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर व ज्यू यांखेरीज इतर सर्वांचे लग्न कायदेशीर ठरण्यासाठी ते पॅरिश चर्चमध्येच व्हावे लागे, त्यामुळे कट्टर मेथडिस्टांचीही विवाहाची नोंद तेथेच सापडते. राज्यमान्य चर्चशी ज्याचे आयुष्यभर पटले नाही, त्याच्या जीवनातील हमखास मिळणारा कागद त्याच चर्चच्या कपाटात असतो.

तरीही प्रश्न उरतो: डॉर्सेटमधला जॉर्ज लव्हलेस, एसेक्समधला जॉर्ज लव्हलेस आणि ऑन्टॅरिओतला जॉर्ज लव्हलेस हे तिघे एकच, हे कशावरून? नाव सारखे असणे हा पुरावा नव्हे. त्या भागात या नावाची माणसे थोडी नव्हती. आज अनेक नोंदवह्यांच्या प्रतिमा घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, एक नाव टाकले की शेकडो उत्तरे येतात, आणि त्यामुळे शोधाइतकीच चूकही वेगाने होते. येथे उपयोगी पडतो तो माणसांचा घोळका. एक लव्हलेस सगळीकडे असू शकेल. पण लव्हलेस, त्याचा भाऊ, स्टँडफील्ड कुटुंबात दिलेली त्यांची बहीण आणि स्टँडफील्डचा जावई ब्राइन, एवढी सारी माणसे त्याच नात्यांनी बांधलेली टॉलपडल, ग्रीनस्टेड-हाय लेव्हर आणि ऑन्टॅरिओतील लंडनचा परिसर या तिन्ही ठिकाणी एका पाठोपाठ एक सापडली, तर ती योगायोगाने सापडत नाहीत. म्हणून जमिनीच्या दप्तरात शेजारच्या लॉटवर कोण होते ते पाहायचे, लग्नाच्या नोंदीत साक्षीदार कोण होते ते पाहायचे, दफनभूमीत पलीकडचे थडगे कोणाचे ते पाहायचे. टॉमस स्टँडफील्डला सायलोमलाच पुरले आहे, जॉर्जच्याच दफनभूमीत. स्थलांतरित एकटा निघाला असे कुटुंबात सांगितले जात असले, तरी तो एकटा निघालेला सहसा नसतोच.

ज्यांना पॅरिशने स्वतःच्या खर्चाने बाहेर पाठवले त्यांच्या बाबतीत आणखी एक साधन असते. १८३२ ते १८३७ या वर्षांत ससेक्समधील पेटवर्थच्या परिसरातून अर्ल ऑफ एग्रेमाँट याच्या साहाय्याने सुमारे अठराशे माणसे वरच्या कॅनडात धाडण्यात आली. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे टॉमस सॉकेट या पाद्र्याने छापून काढली. इतरांनीही जावे हा त्यामागचा हेतू उघड होता, म्हणून ती सावधपणेच वाचावी लागतात. तरी पावाची किंमत, मजुरीचा दर, लेकरू वाटेत गेल्याची बातमी आणि कोणत्या गावकऱ्याची कोठे गाठ पडली हे त्यांत सहजपणे येते. टॉलपडलच्या माणसांना कोणी पॅरिश पाठवीत नव्हते, आणि आपल्या पत्त्याचा गवगवा व्हावा अशी त्यांची इच्छाही नव्हती.

सहांपैकी एकाला हा समुद्राचा शोध लागू पडत नाही. जेम्स हॅमेट टॉलपडललाच परतला, मजुरी करीत राहिला, आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, वारला. शपथविधीला जो हजर होता तो त्याचा भाऊ असून जेम्सने त्याचा अपराध स्वतःवर घेतला, असे मानले जाते. खटल्याच्या कागदांत त्याची स्वतःची अशी काही कबुली नाही. गावातील त्याच्या थडग्यावरील शिळा १९३४ साली, खटल्याच्या शताब्दीच्या वेळी, शिल्पकार एरिक गिल याने कोरली.

कॅनडातील पाचांमध्ये सर्वांत मागे उरला तो जेम्स ब्राइन. खटल्याच्या वेळी तो विशीतला तरुण होता. सेंट मेरीज गावाच्या परिसरात तो १९०२ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, ३१ मार्च १९०१ च्या तारखेने, कॅनडाची खानेसुमारी झाली. तिच्या पत्रकात पूर्वी कधीच नसलेले रकाने होते: जन्माची पूर्ण तारीख, जन्म खेड्यातला की शहरातला, आणि या देशात आल्याचे वर्ष. क्वेबेकच्या बंदरात ज्या प्रवासाची यादी राहिली नाही, त्याचे साल अर्धशतकाहून अधिक काळानंतर सरकारी गणकाने विचारले, आणि ते सांगायचे होते नव्वदीकडे झुकलेल्या एका म्हाताऱ्याने, किंवा त्याला ऐकू येत नसल्यास घरातल्या कोणीतरी, आठवेल तसे.